भंगाराचं पिंप

पंपाच्या कारखान्यात सव्वीस वर्षं तयार मालातली खोट काढण्याचा पगार घेणाऱ्या गाळणीला कॉलेजची फी ऐकूनच घाम फुटला. ती फार कमी होती. (गाळणी हे कारखान्यानं ठेवलेलं नाव. घरी बाबा म्हणत, पण सूर तोच.)

"इतरांच्या तिसऱ्या हिश्शात इंजिनिअरिंग टेक्नॉलॉजीची तीन वर्षं? कुठेतरी पाणी मुरतंय."

"महागड्या कॉलेजात म्हणालात, लुटतात," लेक म्हणाली. "इथे विचारताय, लुटत का नाहीत?"

"तोच तर प्रश्न आहे."

तीन कॉलेजं आधीच नापास झाली होती. एकाच्या लेथवर तेलाचा डागही नव्हता, म्हणजे त्यावर कोणी हात चालवलाच नव्हता. दुसऱ्याच्या माहितीपत्रकात नोकरी लागलेल्यांमध्ये एकच चेहरा दोनदा होता, एकदा चष्म्यासकट. तिसऱ्यातला कारकून फारच गोड बोलला. आता हे एकच उरलं होतं. प्रवेशाची खिडकी आज पाचला बंद होणार, की लेकीचं वर्ष गेलंच. चार वाजून गेले होते.

वर्कशॉपमध्ये काचेच्या कपाटात मुलांनी केलेली गिअरची चाकं मांडली होती. लोक चष्मा बाळगतात तसं गाळणी खिशात व्हर्निअर, बारीक मोजमापाची पट्टी, बाळगत असे. त्यानं चार चाकं मोजली. चारही तंतोतंत. त्याचा चेहरा पडला.

"ही मुलांनी केली?"

"हो, काका," प्रशिक्षक म्हणाले.

"मुलांचं काम इतकं बरोबर नसतं. विकत आणलीत."

"चुकलेलं कपाटात कोण ठेवील?"

"मग चुकलेलं कुठे आहे?"

प्रशिक्षकांनी कोपऱ्यातल्या कमरेएवढ्या पिंपाकडे बोट दाखवलं. गाळणीनं बाह्या सारल्या आणि त्यात हात घातला.

"बाबा, साडेचार!"

"थांब गं."

प्रत्येक तुकड्याला तारेनं चिठ्ठी बांधलेली. तिच्यावर मुलाचा क्रमांक, त्याच्याच अक्षरात चूक, आणि खाली लाल शाईत 'पुन्हा कर'. एकोणचाळीस क्रमांकाचे चार तुकडे निघाले. पहिल्यावर लिहिलं होतं, 'घाई केली, एक मिलिमीटर कमी'. चौथ्यावर, 'दोन दशांश कमी'. गाळणीनं मोजलं. दोन दशांशच.

"पाचवा कुठाय?"

"कपाटात."

तो कपाटाशी जाऊन पाहून आला. डावीकडचं दुसरं चाक, एकोणचाळीस.

"एवढं लोखंड फुकट घालवता, मग फी कशी परवडते?"

"कमान नाही, लिफ्ट नाही, जाहिरात नाही," प्रशिक्षक म्हणाले. "पैसा त्या पिंपात जातो."

चार पन्नासला तो खिडकीशी पोचला. 'शेवटची एकच जागा' हे वाक्य ऐकायला तो तयारच होता.

"किती जागा उरल्यात?"

"अठरा," कारकून जांभई देत म्हणाला.

"इतक्या?"

"फी कमी आहे ना. पालक येतात, बघतात, संशय घेऊन परत जातात."

"मूर्ख लोक!" गाळणी म्हणाला.

लेकीनं छताकडे पाहिलं. त्यानं सही केली. पाचला दोन मिनिटं कमी होती. लेकीनं अर्ज ओढून घेतला, आणि खिडकीत सरकवण्याआधी सही नीट वाचून पाहिली.