परतीचा माल

तिने कॅसेटच्या पोटात करंगळी घालून फितीचं वेटोळं बाहेर ओढलं आणि गोदामाच्या एकुलत्या खिडकीकडे धरलं. उजेड आरपार आला. तपकिरी लेप जागोजागी खरवडून गेला होता. उरली होती ती नुसती कात.

"चाळण झालीय," गोदामकाका म्हणाले. "आठशेच्या आठशे अशाच. तीस वर्षं परतीचा माल उतरवतोय, ताई. येतात त्या न विकलेल्या, वेष्टनसुद्धा न फोडलेल्या. ऐकून ऐकून झिजलेल्या आल्या त्या ह्याच."

तिला हसू आवरेना. अकरा महिने तिच्या व्हायोलिनच्या ह्या अल्बमचं नाव निघालं की घरात खाकरणं सुरू होई. नणंद तर तोंडावर म्हणाली होती, "वहिनी, तुझ्या दोन धुनांच्या मध्ये माझी एक डुलकी होते. पैसे वसूल!" त्या मधल्या जागांसाठीच ती ध्वनिमुद्रकाशी भांडली होती. प्रत्येक धुनेनंतर पंधरा सेकंद काहीच नको. तार थांबल्यानंतरचा तो काळोख तेवढा राहू दे. आणि आता कुठेतरी, कुणीतरी, फीत विरून जाईपर्यंत तो ऐकला होता.

आज वर्ष भरत होतं. करार साधा होता. वर्षात पाच हजार प्रती खपल्या तर अल्बम चालला, आणि कायमचा कंपनीचा. नाही खपल्या तर पडला. मग यादीतून नाव जायचं आणि मूळ फीत कलाकाराच्या हाती परत. शेवटच्या दिवशी मोजणीच्या तक्त्यावर सही करण्याचा हक्क तेवढा तिचा. दुकानांतला खप साडेतीन हजारांवर अडला होता. मग महिन्यापूर्वी एकाच गिऱ्हाइकाने दोन हजार उचलल्या.

वरच्या मजल्यावर मॅनेजरने तिच्यापुढे पत्र सरकवलं.

"अभिनंदन! सोमवारनंतर आणखी पाच हजार मागितल्यात. त्या झिजलेल्या आठशे आपण बदलून दिल्या. ती बदली झाली, परत नव्हे. आकड्याला धक्का नाही."

"कोण आहेत हे लोक?"

"दर्दी आहेत, एवढं पुरे नाही का?" पत्राच्या माथ्यावरचा पत्ता त्याने तळहाताने झाकला, हात सहज पडावा तसा. "फक्त नव्या प्रतींत मधल्या जागा नकोत म्हणतात. एकीला लागून दुसरी धून. तुम्ही त्रास घेऊ नका, आम्हीच कात्री लावू."

"त्या जागांशिवाय तो अल्बम माझा नाही."

"बाई, पडलेला अल्बम तुमचा असतो. चाललेला गिऱ्हाइकाचा."

ती जिना उतरून आली तेव्हा काका तक्ता पुढ्यात घेऊन बसले होते.

"काका, तो माल पोचवायला तुम्हीच गेला होतात ना?"

काकांनी पेनाचं टोपण काढलं, पुन्हा लावलं.

"गावाबाहेर आहे. तशा आणखी पुष्कळ जागांना माल तिथूनच वाटतात म्हणे. उंच भिंत. मला फाटकाच्या आत घेतलं नाही. भिंतीवर चार कर्णे. सकाळी दहाला तुमचं वाजवणं सुरू होतं ते अंधार पडेपर्यंत. समोर रस्त्याच्या कडेला बायका बसलेल्या. कुणाचा नवरा पकडून आत नेलेला, कुणाचा लेक."

"ऐकत बसतात?"

"ऐकायलाच बसतात. पण तुमचं वाजवणं नव्हे, ताई. तुमचं थांबलं की सगळ्या एकदम उठतात आणि भिंतीला कान लावतात. पंधरा सेकंद. मग पुढची धून लागते, त्या पुन्हा खाली बसतात."

"आणि त्या पंधरा सेकंदांत?"



"माझी गाडी चालू होती," काका म्हणाले. "आतलं कानावर पडू नये म्हणून मी मुद्दामच बंद केली नाही."

तिच्या बोटांना फितीची तपकिरी भुकटी लागली होती. ती अंगठ्याने घासत राहिली. भुकटी रेषांमध्ये अधिकच बसत गेली.

"ह्या आठशे कुठे लिहिल्यात?"

"बदलीच्या रकान्यात. वरून सांगितलंय तसं."

"परतीच्या रकान्यात लिहा."

"अहो, मग पाच हजारांच्या खाली येतं सगळं! अल्बम पडला म्हणून निकाल लागेल. पुन्हा कुठलीही कंपनी दारात उभं करायची नाही तुम्हाला."

"मूळ फीत आजच लागेल मला."

डोक्यावरच्या लाकडी तक्तपोशीवर मॅनेजरची पावलं ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली आणि थांबली. काकांनी तेवढा वेळ श्वास धरला. मग एक आकडा खोडून त्यांनी शेजारच्या रकान्यात लिहिला.

"तुमची सही झाली की वरच्यांनाही खोडता येत नाही. पण कारण लागतं. कारणाशिवाय माल परत घेता येत नाही."

तिने पेन घेतलं आणि लिहिलं, 'मध्ये शांतता आहे.' खाली सही केली.

काकांनी ते दोनदा वाचलं. मान वर न करता म्हणाले, "सहीखाली पूर्ण नाव. आणि राहण्याचा पत्ता."

"तो कशाला?"

"ह्या कागदाची एक प्रत गिऱ्हाइकाकडे जाते."

घरी ह्या वेळी नणंद सासूबाईंना औषध पाजत असेल. दुपारी दाराला कडी नसते. ते नुसतं लोटलेलं असतं.

"राहू द्या, ताई," काका कुजबुजले. "बदलीतच ठेवतो. कुणाला कळायचंसुद्धा नाही."

तिने नाव लिहिलं. मग गल्ली, घराचा क्रमांक, आणि वाचणाऱ्याला कुठे विचारावं लागू नये इतक्या स्वच्छ अक्षरात: तिसरा मजला, जिन्याच्या डाव्या हाताला.