आत्याची होडी आणि ट्रकचं इंजिन

आश्विनातलं ऊन खाडीच्या ओल्या चिखलावर उतरलं, की मला आत्याच्या तळहातांचा वास आठवतो. डांबराचा, काथ्याचा आणि खाऱ्या पाण्याचा. नवऱ्यामागे त्याची शिडाची होडी तिने एकटीने राखली होती. वाऱ्याची चाहूल तिला गालावर लागे. शीड भरलं की तिची मानही ताठ होई, आणि भिवंडीतल्या कापडाच्या लूमांचा खडखडाट मागे पडून पाण्यावर नुसती दोरांची करकर उरे.

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस खाडीत जो तो इंजिन बसवू लागला. आत्याचीही ना नव्हती. वारा पडल्यावर घरी आणेल एवढं लहानसं इंजिन तिला हवं होतं. पण विधवा बहिणीचं भलं फक्त आपल्यालाच कळतं, अशी खात्री असलेले तिचे दोन भाऊ होते ना! माझे वडील आणि काका, दोघे नारपोलीचे लूमवाले. जास्त अश्वशक्ती म्हणजे जास्त इभ्रत. दापोड्याला मोडीत निघालेल्या ट्रकचं इंजिन त्यांनी परस्पर ठरवून टाकलं.

इंजिन घेण्याआधी तेवढ्या वजनाची रेतीची पोती होडीत मागे रचून पाहायची, अशी खाडीवरची रीत. आत्याने पोत्यांऐवजी या दोघांना आणि त्यांच्या धष्टपुष्ट मित्रांनाच मागच्या टोकाला बसवलं. काठावरून पाणी आत आलं.

"ही होडी हाय, ट्रक न्हाय," ती म्हणाली. "लांबीच्या मानानं पळायची तेवढीच पळंल. त्याहून जादा जोर लावाल तर बूड खाली बसंल."

"बाय, तुला इंजिनातलं काय कळतं?" वडील हसले. भिजलेल्या पायांनी हसले! तो निर्लज्ज हशा आठवला की आजही माझं डोकं फिरतं.

इंजिन आलं. मागे होडी बसू लागली म्हणून ते मधोमध सरकवलं. तिथे डोलकाठी आड आली, म्हणून डोलकाठीच कापली. करवत चालली होती तेव्हा आत्या काठावर उभी होती, दोन्ही हात पदरात गुंडाळून.  त्यानंतर होडीत तिने कधी पाय ठेवला नाही. आणि हे शहाणे म्हणत राहिले, बाईमाणसाचा हट्ट!

वडील गेले, आत्या गेली, ते इंजिनही भंगारात गेलं. काळ सगळं निववतो म्हणतात. माझा राग त्याने निववू नये. तो विझला तर माझ्याजवळ तिचं काहीच उरणार नाही.