घडलेलंच विचारा

डिसेंबर १९९९. हजिऱ्याच्या एका गॅस प्लांटमधला तंत्रज्ञ गजेंद्र पाटील बायको योगितासोबत सायबर कॅफेत बसला होता. एकतीस तारखेची रात्रपाळी त्याची होती. देशभरातले तंत्रज्ञ ज्या इंटरनेट गटावर एकमेकांना प्रश्न विचारत, तिथे त्याने विचारलं होतं: ‘वर्ष २००० लागताच गळती ओळखणाऱ्या यंत्राचं घड्याळ चुकलं, तर भोंगा वाजेल का?’ गट चालवणाऱ्याने प्रश्न काढून टाकला होता. त्याने कळवलं होतं: ‘जर-तर चालणार नाही, घडलेलंच विचारा.’

“मग घडलं असंच लिहा ना,” योगिता म्हणाली. “त्याला कुठे हजिरा दिसतोय?”

चालू प्लांटमध्ये तारीख बदलून पाहायची परवानगी नव्हती. तरी त्याने लिहिलं: ‘काल तारीख पुढे करून पाहिली. भोंगा वाजला नाही. आणखी कुणाचा अनुभव?’

दुसऱ्या दिवशी चार उत्तरं आली. चौघांचेही भोंगे वाजले नव्हते.

योगिताचा चेहरा उतरला. “अहो, रजा टाका.”

“यांनी खरंच तपासलं असेल, की माझ्यासारखंच घाबरून लिहिलं असेल?”

साहेबांना ही उत्तरं दाखवावीत, तर वर गजेंद्रचंच नाव आणि त्याचंच खोटं होतं.

एकतीस तारखेला तो डबा घेऊन कंपनीच्या बसमध्ये चढला.