आबांच्या बोटाचं यंत्र

संस्थेच्या दवाखान्यात ते खोकं येऊन तीन आठवडे झाले होते. ऑपरेशन थिएटरबाहेरच्या टेबलावर ते मांडून ठेवलं होतं, वर लाल फीत, फितीला गोंडा. फीत कापायला मंत्रीसाहेब यायचे होते आणि मंत्रीसाहेबांची तारीख काही मिळत नव्हती. तोवर खोक्याला कुणी हात लावायचा नाही, असा संस्थेचे अध्यक्ष अण्णासो यांचा हुकूम होता. ट्रॅक्टर असो नाहीतर गावची मुतारी, नारळ फुटल्याशिवाय वापरायची नाही ही आपली रीत. पण मुतारीचं उद्घाटन लांबलं म्हणून कुणाचा श्वास कोंडत नाही.

खोक्यात पल्स ऑक्सिमीटर होता. बोटाला चिमटा लावायचा, रक्तात प्राणवायू किती आहे ते आकड्यात दिसतं. कमी झाला की यंत्र कोकलायला लागतं. डॉक्टर प्रियदर्शनी कांबळे या यंत्रासाठी दोन वर्षं अण्णासोंच्या मागं लागली होती. ती भूलतज्ज्ञ. बॅग अडकवून स्कूटरवरून कोल्हापुरातल्या चार दवाखान्यांत फिरायची आणि भूल दिलेल्या माणसाच्या नाडीवर बोट ठेवून, ओठांचा रंग बघत बसायची. शहाण्णव साल उजाडलं तरी तिचं यंत्र म्हणजे तिचीच दोन बोटं.

त्या सकाळी शाहूवाडीकडचा ज्ञानू आला. चाळिशीचा गडी, हर्नियात आतडं अडकून पोट नगाऱ्यासारखं फुगलेलं. सोबत बायको, बाळाबाई. सर्जन कृष्णात पाटील म्हणाले, "मॅडम, तासाभरात पोट उघडायला पाहिजे. आतडं सडलं तर माणूस हातचा जाईल."

प्रियदर्शनीनं सरळ कात्री घेतली आणि फीत कापली. मॅनेजर "मॅडम, मॅडम" करत धावत आला. तिनं झाकण उघडलं. आत थर्माकोल होता, गॅरंटीचं कार्ड होतं आणि यंत्राच्या आकाराची रिकामी जागा होती. बडा घर पोकळ वासा!

"यंत्र कुठंय?" तिनं विचारलं.

मॅनेजर छताकडं बघायला लागला. बोलली ती थिएटरातली जुनी आया, अंबूबाई. "बंगल्यावर हाय, मॅडम. आठ दिस झालं. अध्यक्षांच्या वडलांस्नी, आबांस्नी लावलंय."

"आबांना काय झालंय?"

"काय न्हाय की. वय झालंय."

प्रियदर्शनीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिनं बंगल्यावर फोन लावला. आबा झोपलेत, उठले की पाठवतो, असं उत्तर आलं. इकडं ज्ञानू टेबलावर तळमळत होता आणि पाटील हात धुऊन उभे होते. नाही म्हणावं तर आतडं सडतंय, हो म्हणावं तर आंधळी कोशिंबीर. ती हो म्हणाली. पुढं कितीतरी वर्षं त्या होकाराचा तिला राग येत राहिला.

पहिला अर्धा तास सगळं नीट चाललं. ऑक्सिजनच्या सिलिंडरचा काटा अर्ध्यावर होता, तो तिनंच बघितला होता. काटा अडकलेला आहे, हे तिला कळलं नाही. ती ब्लडप्रेशर घेत असताना सिलिंडर संपला आणि भुलीचा दुसरा वायू तेवढा चालू राहिला. ज्ञानूचं तोंड हिरव्या कापडाखाली, वरचा दिवा पिवळट, त्यात रंग काय दिसणार? शेवटी पाटीलच ओरडले, "मॅडम, रक्त काळं येतंय!"

तिनं कापड फेकलं. ओठ पिकल्या जांभळाच्या रंगाचे झाले होते आणि नाडी लागता लागत नव्हती. वायू बंद केला, हातानं फुगा दाबत हवा दिली, अंबूबाईनं दुसरा सिलिंडर ओढत आणला. नाडी परत आली. आतडंही वाचलं. पाटलांनी टाके घातले आणि म्हणाले, "सुटलो." मधली तीन-चार मिनिटं मेंदूला प्राणवायू पोचला नव्हता, हे प्रियदर्शनीला कळत होतं. यंत्र असतं तर ते पहिल्याच मिनिटात बोंबललं असतं.

संध्याकाळपर्यंत ज्ञानूनं डोळे उघडले नाहीत. बाळाबाई दर घटकेला विचारायची, "भूल उतराय किती येळ लागतोय वो?" सहाव्यांदा विचारल्यावर प्रियदर्शनीनं स्कूटर काढली आणि ताराबाई पार्कातल्या बंगल्यावर गेली.

आबा म्हणजे गणपतराव, पंच्याहत्तरीचा टणक म्हातारा, झोपाळ्यावर बसला होता. शेजारी स्टुलावर यंत्र, समोर चहाचे कप आणि भेटायला आलेली चार माणसं. एकेक जण बोट पुढं करत होता. गल्लीत खेळच होऊन बसला होता.

"या की, बसा," आबा म्हणाले. "माझं रोज सत्त्याण्णव येतंय. ह्या बाळासोचं चौऱ्याण्णव, बिड्या वडतंय न्हवं. तुमीबी बोट घाला."

"आबा," प्रियदर्शनीचा आवाज चढला, "तुमच्या बोटाला हा चिमटा होता ना, तेव्हा दवाखान्यात एक माणूस टेबलावर काळानिळा पडला होता. अजून शुद्धीवर नाही. तुम्ही इथं चहाबरोबर बोटं मोजताय?"

माणसं कप ठेवून उठली. अण्णासो आतून आले. "मॅडम, आवाज खाली. वस्तू संस्थेची हाय."

"म्हणूनच नेतेय."

आबांनी स्वतःच चिमटा काढून तिच्या हातात दिला आणि लेकाकडं बघितलं. "मला म्हनलास, दवाखान्यात असली चार हाईत."

अण्णासो पाठ फिरवून आत निघून गेले.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता मात्र ते मॅनेजरला घेऊन वॉर्डात हजर झाले. मंत्रीसाहेबांची तारीख मिळाली होती, दुपारचीच. यंत्र परत खोक्यात घालून फीत बांधायची होती. चिमटा ज्ञानूच्या बोटाला होता. अण्णासोंनी वाकून आकडा वाचला.

"अठ्ठ्याण्णव! आमच्या आबांपरीस जास्त हाय की. आन् तुमी काल बंगल्यावर येऊन चार मानसांत आमची अब्रू काढलीसा. काय झालंय ह्याला? चांगला हाय न्हवं?"

"तुम्हीच विचारा त्याला," प्रियदर्शनी म्हणाली. पहाटेपासून ज्ञानूचे डोळे उघडे होते आणि तेव्हापासून ती तिथून हलली नव्हती.

अण्णासोंना विचारावं लागलं नाही. बाळाबाई वाटीतलं पाणी चमच्यानं ज्ञानूला पाजत होती. त्यानं दोन चमचे घेतले, तिच्याकडं नीट निरखून बघितलं आणि परक्या बाईशी बोलावं तसं अदबीनं विचारलं, "बाई, लई केलंसा माझं. कुठल्या गावच्या म्हनायच्या तुमी?"

बाळाबाईनं पदरानं त्याचं तोंड पुसलं. सकाळपासून त्यानं हे तिसऱ्यांदा विचारलं होतं.

"मी व्हय?" ती म्हणाली. "तुमच्याच गावची."