बैलाची फळी

उखा पाटलाचा बैल म्हणजे घरचा राजाच! सारंगखेड्याच्या जत्रेला पायी नेला तर थकेल, म्हणून उखाने म्हसावदला दाराशी ट्रक बोलावला. बैल चढवायला आधी आखूड फळी लावली, तर चढ फार उभा झाला. मग त्याने लांब-रुंद फळी शोधून आणली, खूर घसरू नयेत म्हणून तिच्यावर गोणपाट ठोकलं आणि स्वतः वरखाली चालून पाहिलं.

ओट्यावर चाकाच्या खुर्चीत बसून त्याची आई, पार्वतीबाई, सगळं बघत होती. लकव्याने तिचे पाय गेले होते. मागच्याच महिन्यात विसरवाडीला लेकीच्या घरी बारसं होतं. मलाही ने, असा तिने हट्ट धरला, तेव्हा उखा खेकसला होता, "खुर्ची काय मोटारमा उडी मारी का? गुपचूप घर बस!" सगळे बारशाला गेले. ती एकटी घरी राहिली.

बैल डौलात ट्रकमध्ये चढला. उखाने अभिमानाने आईकडे पाहिलं.

"झकास चढना," ती म्हणाली. "या फळीवर मन्ही खुर्ची बी चढी जाती रे भाऊ."

फळी काढा, म्हणून ड्रायव्हर ओरडत राहिला. उखाला त्या फळीला हात लावायची लाज वाटली.