उजव्या पट्ट्यातला बूट

पाय उचलला आणि बूट मुकाट्याने त्याच्याबरोबर वर आला. तिथेच चिकटरावांचं डोकं सटकलं.

जगातल्या बाकी सगळ्यांचे बूट पायाबरोबरच वर येतात आणि त्यावरून कुणी शिव्या देत नाही. पण चिकटरावांचं काम वेगळं होतं. चारशे मीटरचा सरळ रस्ता, शेजारीशेजारी दोन पट्टे, दोन गाड्या, आणि सात-आठ सेकंदांत निकाल. गाडीत कितीही ताकद भरा, टायरने पट्टा धरला नाही तर ती सगळी धुरात जाते. म्हणून पट्ट्यांवर चिकट द्रव फवारायचा, जुनी टायरं ओढून वर रबराचा थर बसवायचा, हे चिकटराव बावीस वर्षं करत होते. पट्टा तयार झाला की नाही हे मोजायची यंत्रं मिळतात. चिकटरावांकडे एक जुना बूट होता, नाडी न बांधलेला. तो घालून चालायचं. बूट जमिनीला धरून राहिला आणि पाय मोज्यासकट बाहेर आला, की ते उजवा हात डोक्यावर उचलायचे. तो हात दिसल्याशिवाय एकही शर्यतवाला गाडी रेषेवर आणत नसे.

नाव प्रेक्षकांनी ठेवलेलं. बायकोलाही ते पटलं होतं, पण तिची कारणं घरगुती होती.

आज फायनल होती आणि डाव्या पट्ट्यात, सुरुवातीच्या रेषेला लागूनच, वीस फूट लांबीचा एक निळा गेंडा आडवा पडला होता. इंजिन ऑइलच्या कंपनीचं रंगवलेलं चिन्ह. काल दुपारी मैदानाचा मॅनेजर फार मायेने म्हणाला होता, "आज लवकर घरी जा, दमलात." बावीस वर्षांत पहिल्यांदाच कुणाच्या तरी लक्षात आलं होतं की ते दमतात. तेव्हाच शंका यायला हवी होती.

सकाळपासून त्यांनी गेंड्यावर दोनदा फवारा मारला होता. द्रव वाळला की उन्हात भाजलेल्या पाठीसारखं त्याचं सालपट निघत होतं. आणि गेंड्याच्या शेपटीचा तो झोकदार फटकारा कुणाच्या ब्रशचा, हे विचारायचीही गरज नव्हती. त्यांच्या घराच्या दारावरची पाटी त्याच हाताची होती.

त्या हाताचा माणूस जाळीपलीकडे, प्रेक्षकांच्या पहिल्या रांगेत उभा होता. पेंटर. नात्याने सख्खा मेहुणा.

"भाऊजी, रंगात बारीक वाळू घातलीय मी," तो ओरडला. "खरखरीत आहे. हात लावून बघा."

"हात तुझ्या कानाखाली लावून बघतो. टायर काय तळहातावर चालतं?"

जाळीशी दर रविवारी उभी राहणारी मंडळी खूश झाली. त्यांना गाड्या आवडत, पण भांडण गाड्यांच्याही आधी सुरू होत असे आणि तिकीट तेवढंच. त्यांतल्या एका निवृत्त पोस्टमनने लगेच तोंड घातलं. डोक्यावर टोपी कंपनीचीच, सकाळी दारात फुकट वाटलेली. तत्त्व आपल्या जागी, ऊन आपल्या जागी.

"ही शर्यत आहे का भिंत आहे, हवं ते रंगवायला? पूर्वी गाडीवर फक्त नंबर असायचा. कोण पुढे गेलं, संपला विषय. आता कोण जिंकलं ते नंतर सांगतात, आधी कुणाच्या कृपेने ते सांगतात!"

"पूर्वी म्हणजे कधी हो?" पेंटर वळला. "मागे वर्षभर मैदान बंद होतं, तेव्हा का? या पट्ट्यावर गुडघाभर गवत होतं. तेव्हा कुठे होती तुमची शुद्ध स्पर्धा? कंपनी आली म्हणून दिवे आले, फवारणीचं मशीन आलं. आणि भाऊजींचा पगार कोण देतं? का उगाच बोलायला लावता! त्या वर्षी भाऊजी माझ्या दुकानात रंगाचे डबे ढवळत बसायचे."

हे खरं होतं, म्हणून जास्त लागलं. चिकटरावांनी झाडू असा आपटला की दांडा मोडून हातात आला.

"ढवळले ना डबे? मग रंगावर टायर धरत नाही हे तुझ्याआधी मला कळतं. कंपनीला नाचू दे, गाऊ दे, भिंती रंगव, मला रंगव! हे वीस फूट सोडायचे होते."

"त्यांना हेच वीस फूट हवे होते. कॅमेरा इथेच असतो."

तेवढ्यात मॅनेजर आला आणि खरी बातमी घेऊन आला. नियम असा होता, की कालच्या फेरीत ज्याची वेळ कमी, त्याने फायनलला पट्टा निवडायचा. कालची सर्वांत कमी वेळ बेकरीवालीची होती. भट्टी सांभाळून, दिराच्या मदतीने परसात गाडी बांधणारी बाई. सहा वर्षांत पहिल्यांदा फायनलला आलेली. तिने उजवा मागितला होता.

"उजवा कंपनीच्या गाडीला," मॅनेजर म्हणाला. "कॅमेऱ्याची सोय बघायला लागते."

चिकटरावांना समजायला क्षणभर लागला. कंपनीच्या ड्रायव्हरने सकाळी त्यांचा बूट पायाबरोबर वर येताना बघितला होता. कंपनीचीच गाडी कंपनीच्या गेंड्यावरून जायला तयार नव्हती!

"म्हणजे जाहिरात तुमची आणि घसरायचं तिने?"

"तुम्ही पट्टे चालून दाखवा आणि हात उचला. बाकीचं आम्ही बघतो. लाइव्ह चालू आहे."

चिकटराव चालले. उजव्या पट्ट्यात तिसऱ्याच पावलाला बूट मागे राहिला. तो दोन्ही हातांनी उपटून पायात घातला आणि ते डाव्या पट्ट्यात आले. गेंड्याचं शिंग, मान, पोट, शेपूट. बूट प्रत्येक पावलाला आज्ञाधारकासारखा वर येत होता. शेपटीपाशी ते थांबले. दोन्ही हात खाली.

जाळीशी कुणीतरी म्हणालं, "हात नाही उचलला."

"उचला ना," मॅनेजर दात आवळून म्हणाला.

रेषेमागे थांबलेल्या बेकरीवालीने इंजिन बंद केलं. हेल्मेट काढून ती चालत आली. बाहीवर अजून पीठ होतं.

"काका, धरतो?"

"उजवा धरतो. डावा पहिले वीस फूट धरत नाही. पुढे उत्तम आहे, तो मी केलाय."

"वहिनी, सोडून देऊ या," मागून दीर म्हणाला. "गाडी आडवी गेली तर भिंतीत जाईल. कपापायी जीव नाही द्यायचा."

"सोडून दिलं तर ते म्हणतील, बाई घाबरली." ती गेंड्याकडे बघत राहिली. "वीस फूट गाडी चालत नेते. मग बघू."

लाउडस्पीकरवर मॅनेजरने स्वतःच जाहीर केलं, की दोन्ही पट्टे तयार आहेत. ते ऐकून लोकांनी जो आवाज केला, तो कौतुकाचा नव्हता.

हिरवा दिवा लागला. कंपनीची गाडी उजवीकडून गोळीसारखी सुटली. डावीकडची गाडी ओल्या फरशीवर पाऊल टाकावं तशी गेंड्यावर आली, मागून एकदा हलली, सावरली, शेपटीपलीकडे गेली. आणि मग तिने जे इंजिन सोडलं, त्याने जाळी थरथरली. अंतर मिटत गेलं. गाडीभर, अर्धी गाडी. पण चारशे मीटर म्हणजे चारशेच मीटर.

फळ्यावर आकडे आले. उजवा, सात पूर्णांक एक्क्याण्णव सेकंद. डावा, सात पूर्णांक शहाण्णव. आणि त्याखाली शेवटच्या टप्प्यातला वेग. डाव्याचा जास्त.

"वाचा!" पोस्टमन पेंटरचा दंड धरून ओरडत होता. "वाचता येतं ना? पाट्या लिहिता ना? हरलेल्या गाडीचा वेग जास्त आहे! तुमच्या वीस फुटांनी खाल्लं तिला!"

पेंटर वाचत होता. त्याने दंडही सोडवून घेतला नाही. पोस्टमनने टोपी काढली, उलटी केली आणि गेंडा आत, शिलाई बाहेर अशी पुन्हा डोक्यावर घातली.

कप देताना भाषण झालं. त्यात 'निकोप स्पर्धा' हे शब्द तीनदा आले. बेकरीवाली दुसऱ्या क्रमांकाच्या पायरीवर, हात मागे बांधून, फळ्याकडे बघत उभी होती.

गर्दी पांगल्यावर मॅनेजर शेडमध्ये आला.

"जगासमोर तमाशा केलात. एका बुटापायी?"

"बूट बघायलाच ठेवलंय ना मला?"

"उद्यापासून ठेवलेलं नाही. किल्ल्या द्या."

चिकटरावांनी किल्ल्या दिल्या, फवारणीचं मशीन दाखवलं, मोडक्या दांड्याचा झाडू कोपऱ्यात उभा केला. "हा बूट माझा आहे," एवढंच म्हणाले आणि निघाले. फाटक पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला होतं.

पेंटर मागोमाग आला. हातात निळ्या रंगाचा रिकामा डबा होता, कालपासून रेषेपाशी राहिलेला.

"भाऊजी, मी बोलतो मॅनेजरशी. माझं ऐकेल तो."

चिकटराव पट्ट्याकडे वळले.

"भाऊजी, ताईला काय सांगू?"

"सांग, दमलेत. लवकर घरी येतायत."

ते उजव्या पट्ट्यातून चालत होते. दुपारचं ऊन रबराला मऊ करून गेलं होतं. चौथ्या पावलाला बूट राहिला आणि पाय मोज्यासकट बाहेर आला. सवयीने उजवा हात खांद्यापर्यंत गेला. रेषेवर गाडी नव्हती. त्या हाताने त्यांनी कपाळ पुसलं आणि तसेच, एका बुटावर, एका मोज्यावर, मागे न बघता पुढे गेले.

पेंटर बुटापाशी वाकला. एका हाताने ओढला, बूट हलला नाही. पुन्हा ओढला. मग त्याने डबा खाली ठेवला, दोन्ही पाय रोवले आणि दोन्ही हातांनी धरला.