अर्ध्या हाकेचे गाणे

मित्रांनो, द्राक्षबागेत तारेला टांगलेली एखादी चकाकणारी सीडी तुम्ही पाहिली असेल. पाखरांनी भिऊन दूर राहावे म्हणून शेतकरी ती लावतात. त्यांतलाच मी एक. पण मी नुसती चकती नाही, मी गाण्यांचा एक अल्बम आहे. वयाने तसा फार जुना नाही. उन्हाने माझा जांभळा रंग उडाला आहे एवढेच. मनावर मात्र एक ओझे आहे, आणि ते तुम्हाला सांगितल्यावाचून मला राहवत नाही.

मला घडवले मनालीने. ही नाशिकच्या इंदिरानगरात राहणारी मुलगी. नोकरी सोडून, आईची बोलणी खाऊन, पाठीवर पिशवी टाकून ती देशोदेशी फिरली. मोरोक्कोच्या बाजारातले डफ, इंडोनेशियातल्या पितळी घंटा, पेरूच्या डोंगरातली बासरी, असे जे जे कानाला गोड लागले ते तिने एका छोट्या यंत्रात भरून आणले. मग खोलीची दारे-खिडक्या लावून तिने ते सूर ताणले, उलटे फिरवले, एकमेकांत घोळले. मला ऐकताना माणसाला वाटे, आपण जत्रेतल्या पाळण्यात बसलो आहोत आणि पाळणा थांबायचे नावच घेत नाही. अशा संगीताला सायकेडेलिक म्हणतात म्हणे. मनालीची आई मात्र "डोकं गरगरतं गं, बंद कर" एवढेच म्हणाली.

माझे शेवटचे गाणे काही केल्या जमत नव्हते. अशातच एकदा ऐन द्राक्षाच्या हंगामात दिंडोरी रस्त्यावर मनालीची स्कूटर पंक्चर झाली. पाणी मागायला ती जवळच्या बागेत शिरली, आणि तिला एक हाक ऐकू आली.

ती हाक कुसाबाईंची होती. त्यांचे यजमान पुंजा आणि धाकटे दीर फकिरा यांची वाटणी झाली, तेव्हा ओहोळाच्या अलीकडची बाग पुंजाकडे आली आणि पलीकडची फकिराकडे. घडात गोडी भरली, की दोघी जावा, कुसाबाई आणि रंगूबाई, दिवसभर आपापल्या बागेत पाखरे हाकत. त्या हाकांतच त्यांची थट्टा चाले. अलीकडून कुसाबाई ओरडत, "जा रं राघू, रंगूच्या बागंत, रंगूची द्राक्षं लय ग्वाड." लगेच पलीकडून रंगूबाईंचे उत्तर येई, "मागारी जा रं राघू, आक्काच्या बागंत, रंगूची द्राक्षं आंबट." आपली ती आंबट आणि दुसरीची ती गोड, असा त्या खेळाचा नियम होता. राघू बिचारे गोंधळून तिसरीकडेच जात. वाटणीनंतर भाऊ एकमेकांशी कामापुरते बोलत, पण या दोघींनी नाते असे राखले होते.

मनालीने विचारले, "मावशी, हे कुठलं गाणं?"

कुसाबाईंना बोलायला सवड नव्हती. "पाखरांचं हाय," असे म्हणून त्या पुढच्या ओळीत पळाल्या. मनालीने यंत्र सुरू केले.

घरी आल्यावर तिने ऐकले. कुसाबाईंचा आवाज जवळचा, खणखणीत होता. पलीकडचा आवाज वाऱ्यात मिसळलेला होता आणि ठेक्यात बसत नव्हता. मनालीने तो काढून टाकला. मित्रांनो, तेव्हा मला काहीच वाटले नाही. उलट कपड्याला चिकटलेला दोरा काढावा तसे हलके वाटले. त्याचीच आज मला लाज वाटते.

मनालीने मला इंटरनेटवर सोडले आणि त्या गाण्याने माझे नाव झाले. 'रंगूच्या बागंत, रंगूच्या बागंत' एवढेच शब्द त्यात पुन्हा पुन्हा घुमत. कुणी दूरदेशीच्या माणसाने लिहिले, की हे सूर्याला घातलेले साकडे आहे. मीही फुगून गेलो. मग कुसाबाईंच्याच गावात एका हळदीत डीजेवाल्याने ते गाणे लावले आणि सारा गाव त्यावर नाचला. दुसऱ्या दिवसापासून रंगूबाई रस्त्याने निघाल्या, की पोरे मागून ओरडू लागली, "रंगूच्या बागंत." नेमके त्याच वर्षी राघूंनी त्यांची बाग नासवली. लोक म्हणू लागले, जावेने साऱ्या जगाला सांगून पाखरे धाडली.

रंगूबाई ओहोळाशी आल्या. "आक्का, तुझी हाक जगाला ऐकू गेली. माझी कुठं गेली? मी काय मुकी व्हते?"

रंगूची हाक कुठे गेली, हे कुसाबाईंना कसे ठाऊक असेल? ती माझ्यातून कापली होती. त्या दिवसापासून दोघींचे बोलणे तुटले आणि कुसाबाईंनी हाक मारणे सोडले. त्या नुसता पत्र्याचा डबा बडवू लागल्या.

काही दिवसांनी मनाली मोठ्या आनंदाने मला कुसाबाईंना भेट म्हणून द्यायला आली. कुसाबाईंनी तिच्या मोबाइलवर ते गाणे शेवटपर्यंत ऐकले आणि विचारले, "यात रंगू कुठं हाय?"

"मागे कुणीतरी ओरडत होतं, ते मी काढलं."

"कुणीतरी नाय पोरी. माझी जाव व्हती ती."

मनालीचा चेहरा उतरला. मूळ आवाज तिने केव्हाच पुसला होता. ती तशीच ओहोळ ओलांडून माफी मागायला गेली, तर रंगूबाई दारातूनच म्हणाल्या, "आता काय न्यायला आलीस?" मनाली खाली मान घालून परतली. पुढे तिने ते गाणे मागे घेतले, पण सांडलेले पाणी पुन्हा भरता येत नाही. ते तोवर शेकडो मोबाइलवर गेले होते.

पुंजाच्या घरी मला वाजवायला यंत्र नव्हते. त्यांनी मला तारेला टांगले. जिने मोकळ्या गळ्याने राखण करावी तिचा गळा मी बंद केला आणि तिचे काम मुक्याने करू लागलो. वाऱ्याने फिरताना मला कधी अलीकडची बाग दिसे, कधी पलीकडची. दोन्हीकडे डबे वाजत.

परवा सकाळी राघूंचा मोठा थवा आला. मला ते आता भीत नाहीत. माझ्यावरून ते सरळ ओहोळापलीकडे उतरले. रंगूबाई एकट्याच धावत होत्या. इकडे कुसाबाईंच्या हातातला डबा थांबला. किती तरी दिवसांनी त्यांनी तोंड उघडले.

"या रं राघू, माझ्या बागंत या. रंगूचं सोडा. माझी द्राक्षं लय ग्वाड."

थवा उठला आणि खरोखरच आमच्या वेलींवर आला. घड फुटू लागले. कुसाबाईंनी एकही पाखरू हाकलले नाही. त्या पलीकडे पाहत उभ्या राहिल्या. मित्रांनो, तुमच्यापैकी कुणी कधी कुणाचा आवाज घेतला, तर थोडे थांबून पलीकडून काय उत्तर येते तेही ऐका. ते ठेक्यात बसत नसले तरी ठेवा. माझ्यासारखे अर्धे गाणे होऊन जगू नका.

मग ओहोळापलीकडून एक चिडका आवाज आला.

"नका खाऊ रं राघू, आक्काची द्राक्षं लय आंबट."